टेपचं दुसरं टोक

मोजणीला जाताना पांढरा शर्ट घालू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नांदेडला नदीच्या जुन्या धक्क्यावर मी टेप उलगडत मागं मागं चाललो होतो, आणि पाठमोराच एका ओल्या केशरी कापडात शिरलो. कापड पगडीचं, चांगलं लांबलचक. एका टोकाला रंगरेज चाचा, दुसऱ्या टोकाला त्यांची बायको, आणि मधोमध मी, अंतरपाट अंगाला गुंडाळून घेतलेल्या नवरदेवासारखा.

चूक माझी होती. पण हातात सरकारी टेप असला की चूक समोरच्याची दिसते. मी म्हणालो, "चाचा, जरा बाजूला व्हा. मोजणी चाललीय."

ते झाले बाजूला. चाचींनी कापड गोळा करून बादलीत ठेवलं. माझ्यासोबतचा शिपाई चहाला गेलेला, म्हणून चाचांनी टेपचं दुसरं टोकही धरलं. जन्मभर कापडाची टोकं धरलेला माणूस. टेपला जरासुद्धा झोळ पडू दिला नाही. इतकी सरळ मोजणी माझ्या सबंध नोकरीत दुसरी झाली नसेल. मोजून झालं, आणि मी वहीत लिहिलं: गोदामाची भिंत ते पायऱ्या, मोकळी पट्टी, वापर नाही.

मी तेव्हा नगररचनेच्या हापिसात नकाशे काढायला होतो. धक्क्यावर एका बंद पडलेल्या जिनिंगची दगडी गोदामं होती. एके काळी नदीपलीकडचा कापूस नावांतून तिथं उतरायचा म्हणे. पुढं ट्रक आले, नावा गेल्या, मग जिनिंगही गेलं. उरली बाभळी आणि डुकरं. त्याच सुमारास लातूरच्या शिकवण्यांचं नाव गावोगाव झालं होतं, आणि आमच्याकडंही लोहा-भोकरची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन खोल्या शोधत फिरायला लागली होती. तेव्हा वरून योजना आली. गोदामं दुरुस्त करायची. खाली दुकानं आणि खानावळ, वर पोरांच्या खोल्या आणि अभ्यासिका, पाण्याच्या कडेनं फिरायला वाट, बसायला बाक. योजना चांगली होती. आजही म्हणतो. त्यात माझ्या मोकळ्या पट्टीवर फटफट्या लावायची सोय आली, एवढंच.

नकाशा लोकांच्या हरकतींसाठी हापिसाच्या व्हरांड्यात लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी चाचा आले. बराच वेळ नकाशासमोर उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नदी ओळखू आली, पायऱ्या ओळखू आल्या. पायऱ्यांच्या वर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, इथं काय आहे. मी म्हणालो, गाड्यांची जागा. मग आपण कुठं, असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "साब, उस दिन टेप का दुसरा सिरा मैंच पकड्या था."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मीही चढवला असता आणि बरं वाटलं असतं.

मग त्यांनी मला त्यांचं काम समजावून सांगितलं, जे मी टेप टाकण्याआधी विचारायला हवं होतं. पगडीचं कापड दोरीवर टाकलं की दोरीची रेघ उमटते. जमिनीवर अंथरलं की धूळ बसते. म्हणून ते दोघांनी धरून वाऱ्यावर हलवत वाळवायचं. त्याला खुंटी लागत नाही, शेड लागत नाही. लागते फक्त सरळ लांब जागा, नदीचा वारा आणि पलीकडं धरणारं एक माणूस. गल्लीतलं त्यांचं दुकान कापडाच्या निम्म्या लांबीचंही नव्हतं. ती पट्टी गेली की रंगकाम गेलं. मी "बघतो" म्हणालो. हापिसात त्या शब्दाला काय किंमत असते, हे मला माहीत होतं, चाचांनाही असावं.

घरी ताटावर बसून हे बायकोला सांगितलं. ती लातूरकडची. भूकंपात त्यांचं घर बसलं तेव्हा सगळं कुटुंब गावाबाहेरच्या खळ्यावर पत्रे टाकून राहायला लागलं. नुकसानीच्या याद्या करणारा सरकारी माणूस भर दुपारी आला. सगळे गावात ढिगारे उपसायला गेलेले. त्यानं यादीत खळ्याच्या नावापुढं 'वस्ती नाही' लिहिलं, आणि ती एक ओळ बदलून घ्यायला माझ्या सासऱ्यांच्या चपला तालुक्याच्या वाटेवर झिजल्या. हे तिनं मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं.  त्या दिवशी तिनं फक्त भाकरी वाढली आणि म्हणाली, "त्या माणसाला आमी लई शिव्या दिल्या."

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब माझे वरिष्ठ, तसे सज्जन, पण नकाशा एकदा निळ्या शाईत उतरला की त्यांना तो दगडात कोरल्यासारखा वाटायचा. ते म्हणाले, वापर आहे म्हणता, तर दाखवा. खुंटी आहे? खांब आहे? निदान दोरी? मी म्हणालो, नाही. मग कशावरून?

मी पिशवीतून शर्ट काढला. बायकोनं तो तीनदा धुतला होता, पण पाठीवरचा केशरी पट्टा तसाच होता. शेवटी तिनं त्याची एक बाही फाडून तवा धरायला घेतली आणि उरलेल्यानं ओटा पुसायला सुरुवात केली. साहेबांनी शर्ट उलटासुलटा केला, तेलकट डाग पाहिले.

"बाही कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. मापं घेताना माणसांना बाजूला केलं आणि मग जागा रिकामी लिहिली, हेही सांगितलं. एवढी सरळ कबुली मी त्या हापिसात पुन्हा कधी दिली नाही. साहेबांनी शर्ट टेबलावरच ठेवून घेतला. सकाळी येतो म्हणाले.

सकाळी आले. चाचा-चाची एक निळं कापड हलवत होते. साहेब कडेला उभे राहून ते पूर्ण वाळेपर्यंत बघत राहिले. मग मला म्हणाले, गाड्या खानावळीच्या मागं, रस्त्याच्या बाजूला जातील का, बघा. गेल्या. सुधारलेल्या नकाशात मी माझ्या अक्षरात लिहिलं: कापड वाळवण्याची जागा, बांधकाम करू नये. खाडाखोडीची मला सवय नव्हती.

पुढं गोदामांना खिडक्या आल्या, खानावळीत पिठलं-भाकरी सुरू झाली. आता तिथं संध्याकाळी जळकोटकडची पोरं पुस्तक डोळ्यांसमोर धरून घोकत फिरतात आणि वाऱ्यावर धरलेलं पगडीचं कापड आडवं आलं की पुस्तकातून मान न काढता खाली वाकून जातात. माझ्यासारखं पाठमोरं कुणी चालत नाही.

साहेबांनी होकार दिला त्या दिवशी मात्र मी घरी जरा छाती काढूनच गेलो. शर्ट कसा पुढं ठेवला, साहेब कसे शेवटपर्यंत बघत राहिले, सगळं साग्रसंगीत सांगितलं. बायकोनं भांडी लावत लावत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "चाचा-चाचींना एकदा घरी चहाला बोलवा. अन् शर्ट परत आणा, ओटा पुसायला काही नाही."