डाव्या हाताचा ‘थांब’

बावीस वर्षं हा माणूस कारखान्यात हातांनीच बोलला. यंत्रांच्या त्या गोंगाटात घसा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, मग वर छताजवळ केबिनमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याला काय कप्पाळ ऐकू जाणार? म्हणून खाली उभं राहून हाताने सांगायचं. अंगठा वर, उचल. अंगठा खाली, सोड. तीन बोटं, सावकाश. पाची बोटं पसरलेला पंजा, थांब. सगळे त्याला इशारेवालाच म्हणत. घरी जेवतानाही तो मीठ बोटाने मागायचा. बायको वैतागायची, "अहो, तोंड काय फक्त घास घालायला दिलंय?"

मग एकदा त्याचा उजवा हात साखळीत सापडला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. जखम भरली, पण डॉक्टरांनी लिहून दिलं, इशारे देण्यास अयोग्य. आणि ते काही खोटं नव्हतं. आता त्याने पंजा उभारला की तीनच बोटं दिसत. हा सांगणार थांब, वरच्याला दिसणार सावकाश, आणि चार टनांचं लोखंड सावकाश कुणाच्या तरी डोक्यावर येणार!

"स्टोअरमध्ये बसा, नटबोल्ट द्या," फोरमन म्हणाला.

"मी डाव्या हाताने इशारे देईन."

फोरमन हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. "दोनदा परीक्षा देता येईल. दोन्हीत चुकलात तर कायमचं स्टोअर."

आधी त्याने आरशासमोर सराव केला. पण आरशातला डावा उजवा व्हायचा आणि डोकं भंजाळायचं. मग त्याने बायकोला दोरी-बादली देऊन वरच्या गॅलरीत उभं केलं आणि स्वतः खाली अंगणात उभा राहिला. शेजारपाजारचे चहा घेऊन बघायला येत. सवयीने उजवा हात वर गेला की ती बादली थांबवायचीच नाही. सावकाश सोडत राहायची, थेट त्याच्या टाळक्याला टेकेपर्यंत.

"अगं, थांब म्हणालो ना!"

"मला तीन बोटं दिसली. मी काय करू?"

तो चिडायचा, टाळकं चोळायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." असे तीन महिने गेले. शेवटच्या पंधरवड्यात बादली एकदाही डोक्याला लागली नाही.

परीक्षेच्या दिवशी वर केबिनमध्ये नवी क्रेन ऑपरेटर होती, त्याच्या मुलीच्या वयाची. डावा अंगठा वर गेला, लोखंड उचललं गेलं. मग अंगठा खाली, लोखंड उतरू लागलं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात एका बाजूची साखळी सरकली, लोखंड कललं, आणि नेमका एक वेल्डर मान खाली घालून त्याच्याखाली आला.

पंजा वर गेला. लोखंड सावकाश खाली येतच राहिलं. त्याने डावा हात उभारला. लोखंड जागच्या जागी थांबलं. वेल्डर काहीही न कळता पुढे निघून गेला.

"शाब्बास!" फोरमनने कागद पुढे केला. "पास. करा सही."

त्याने पेन घेतलं नाही. ऑपरेटर खाली उतरली होती. त्याने तिला विचारलं, "तुला आधी काय दिसलं?"

ती घुटमळली. "काका, आधी... तीन बोटं."

"ऐकलंत?" तो फोरमनला म्हणाला. "आधी उजवाच उठला. नापास लिहा."

"अहो, थांबलं ना शेवटी! वेडे आहात का?"

"दुसऱ्यांदा सांगितल्यावर थांबलं. खालच्या माणसाला दुसऱ्यांदापर्यंत वेळ नसतो, साहेब. मला अजून एक महिना द्या."

"आता एकच संधी उरेल. तोवर स्टोअर. आणि तेव्हा चुकलात, तर मी काही करू शकणार नाही."

"माहितीये."

फोरमनने ‘पास’ खोडलं, ‘नापास’ लिहिलं. इशारेवाल्याने त्याखाली सही केली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.