खारीपुरता करंट

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सगळे त्याला आणखीराव म्हणायचे, आणि हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. स्क्रू घट्ट बसला की हा म्हणणार, "आणखी एक पीळ," की त्या स्क्रूचे आटे गेलेच म्हणून समजा. चहात साखर आणखी, स्पीकरचा आवाज आणखी, फुग्यात हवा आणखी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोने मिठाची बरणी त्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवली होती. तेवढं सोडलं तर माणूस लाखात एक. बिघडलेला डिस्क प्लेअर त्याच्या हाती दिला की काम फत्ते.

त्याचे वडील लाकडी खेळणी करायचे. लेथवर लाकूड फिरवून भोवरे, बदकं, गोल पोटाचे बाहुले. आणि प्रत्येक खेळण्याच्या बुडावर तापलेल्या सळईच्या टोकाने ते एक खार काढायचे. शेपूट वर, पुढच्या दोन पायांत काहीतरी धरलेलं. पोरं खेळणं हातात पडलं की आधी उलटं करून खार शोधायची. खार असली म्हणजे बाबांचं, नाहीतर कुणा ऐऱ्यागैऱ्याचं.

मग बाबांच्या हाताला कंप सुटला. लेथवर अजूनही जमत होतं, कारण तिथे पटाशी लोखंडी टेकूवर टेकवायची असते, टेकू हात सावरून घेतो. खार मात्र मोकळ्या हाताने काढायची. सळई थरथरली की लाकूड भलतीकडेच जळायचं, खारीचं तोंड काळा डाग होऊन बसायचं. दोन-चार बाहुले असे वाया गेल्यावर बाबांनी सळई खाली ठेवली.

"पुरे झालं," म्हणाले. "खार नाही, तर खेळणंही नाही."

झालं! लेथवर जुनी चादर पडली. बाबा खिडकीपाशी बसायला लागले. जेवायला बोलावलं तर अर्ध्यावरून उठायचे, बोलायला गेलं तर "हं" आणि "पुरे" यापलीकडे शब्द नाही. आणि एके दिवशी त्यांनी ओळखीच्या सुताराला निरोप धाडला, की रविवारी येऊन लेथ घेऊन जा.

आणखीरावाने निरोप ऐकला. लेथ गेला की बाबा पुन्हा त्या खिडकीतून उठायचे नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्याने मनाशी ठरवलं, बाबांचा हात सरळ करणं आपल्याला जमणार नाही, पण खार काढणारा दुसरा हात तर बनवता येईल!

काही नव्या पद्धतीच्या डिस्क लिहिणाऱ्या प्लेअरच्या पोटात मुगाच्या दाण्याएवढा लेझर डायोड असतो. त्यातून निळा-जांभळा प्रकाश निघतो. डोळ्यांना मंद दिसतो, पण भिंग लावून एका टिंबावर आणला की लाकूड जाळतो. दुकानातल्या भंगारात असे मेलेले प्लेअर होते, मालक म्हणाला, "ने बाबा, तेवढीच जागा होईल." त्यातल्याच सरकत्या पट्ट्या काढून आणखीरावाने एक मागेपुढे आणि एक डावीउजवीकडे सरकणारी बसवली, वरून नारिंगी प्लास्टिकचं झाकण केलं. यंत्र झकास चाललं. अडलं फक्त एका गोष्टीवर, डायोडला करंट किती द्यायचा?

कारण हा डायोड म्हणजे मोठा नाजूक पाहुणा. करंट कमी पडला तर नुसता मिणमिणतो. नेमका मिळाला तर मन लावून जाळतो. जास्त झाला की पापणी लवायच्या आत मरतो, आणि मेला तरी उजेड देत राहतो, फक्त त्यात जाळायची धमक नसते. बरं, भंगारातल्या डायोडवर त्याची भूक किती हे कुठे लिहिलेलंही नसतं.

त्याला चार चांगले डायोड मिळाले होते. पहिल्याने लाकडाच्या तुकड्यावर सुरेख काळी रेघ ओढली. समाधान मानावं की नाही? पण हा म्हणाला, "आणखी थोडा देऊन बघू," आणि डायोड गेला. दुसऱ्याला त्याने अंगातला लोकरीचा स्वेटर न काढताच बोट लावलं. लोकरीत साठलेल्या विजेची बारीकशी ठिणगी उडाली, खेळ खलास. तिसरा गेला तो मात्र हळहळ लावून गेला. त्याने शहाण्यासारखं आधी लेझरच्या जागी साधे, स्वस्तातले डायोड लावून करंट बसवला. एकशे ऐंशी मिलीअँपिअर, अगदी बेतशीर. मग ते साधे डायोड काढले आणि त्या जागी खरा लावला, वीज चालू ठेवूनच. मधल्या वेळात वीज साठवणारा कपॅसिटर बिनकामाचा बसून काठोकाठ भरला होता. त्याने सगळा साठा एका दमात त्या बिचाऱ्यावर ओतला.

"अरे देवा!" आणखीरावाने कपाळावर हात मारला. "आता तर मी काही वाढवलंही नव्हतं!"

"घाई तर केलीस ना?" बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात होती, आणि या उद्योगासाठी जांभळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे तिनेच आणून ठेवले होते. ते घातल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही असा तिचा दंडक होता. "डायोड भंगारात मिळतात, डोळे मिळत नाहीत," हे ती दिवसातून दहादा ऐकवायची.

आता उरला एक डायोड. आणि उद्या रविवार.

आणखीरावाची पाचावर धारण बसली. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकतो, हा तर कोमट पाणीही फुंकायला लागला. स्वेटर काढला. मनगटाला तार बांधून जमिनीशी जोडली. साध्या डायोडवर करंट अगदी कमी बसवला, वीज बंद केली, कपॅसिटरचे दोन्ही पाय रेझिस्टरने जोडून त्याचं पोट रिकामं केलं, आणि मगच खरा डायोड लावला. समोर प्रकाश मोजायला बागेतल्या दिव्यातल्या सौरपट्टीचा तुकडा आणि त्याला मीटर. बायको मीटरपाशी बसली.

त्याने बटण चढवायला सुरुवात केली, दर वेळी सारखंच. दर पायरीला प्रकाशही सारखाच वाढत होता, आणि बायको आकडे सांगत होती. वाढला. वाढला. तेवढाच वाढला. मग ती म्हणाली, "या खेपेला कमी वाढला."

म्हणजे पाहुण्याचं पोट भरत आलं होतं. आता दिलेलं अंगी लागणार नव्हतं, नुसतं तापवणार होतं.

"आणखी एक पायरी बघू?" त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बायकोने चष्म्याआडून असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने मागे आला. एक पायरी नाही, चांगला पाव हिस्सा मागे. मग भोवतालच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला बोट लावलं. कोमट. तिने बटणावर चिकटपट्टी लावली, वीज बंद करायला लावली आणि मगच चष्मा काढला.

रविवारी सकाळी त्याने बाबांपुढे कागद ठेवला. "बाबा, एक खार काढून द्या."

"थट्टा करतोस? हात बघतोयस ना माझा?"

"बघतोय. तरी तुम्हीच काढा. माझी काढलेली खार मांजरासारखी दिसते."

बाबांना हसू आवरलं नाही. बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी पेन्सिल धरली. रेघा थरथरत गेल्या, शेपटीला तर शेकडो वळणं पडली. त्यांनी कागद उलटा करून टाकला. आणखीरावाने तो उचलला आणि जसाच्या तसा संगणकात घातला.

घरात तयार बाहुला एकच उरला होता, खारीवाचून राहिलेला. तो यंत्रात ठेवला, झाकण लावलं, आणि नेमका त्याच वेळी सुतार दारात हजर. बायकोने त्यालाही चष्मा चढवला आणि खुर्ची दिली.

जांभळं टिंब चालायला लागलं. चालायला कसलं, सरपटायला! खारीचा एक कान व्हायलाच केवढा तरी वेळ गेला. जळक्या लाकडाचा वास खोलीभर पसरला. सुताराने जांभई दिली.

"अहो, वाढवा की जरा! बाहेर माझी गाडी ताटकळलीय."

बाबांनी चष्मा काढला. "असू दे रे. यंत्राला तरी कशाला त्रास? पुरे झालं." ते उठले आणि लेथकडे वळले.

आणखीरावाने यंत्राकडे पाहिलं. बटण हाताशी होतं. चिकटपट्टी काय, नखाने निघाली असती. जरासं चढवलं की टिंब पळवता आलं असतं, बाबा थांबले असते. बोट पट्टीवर गेलंही.

"नाही," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. "त्याला एवढाच झेपतो. वाढवला तर मरेल, आणि खार अर्धीच राहील. बाबा, तुम्ही बसा. चष्मा घाला आणि बसा!"

बापाला असं दरडावलेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. बायको तर बघतच राहिली. बाबा चष्मा घालून गुपचूप खुर्चीत बसले.

टिंब आपल्या चालीने चालत राहिलं. पाय झाले, पोट झालं, शेवटी शेपटीची सगळी वळणं एकेक करत पुरी झाली. यंत्र थांबलं. आणखीरावाने बाहुला काढून बाबांच्या हातात दिला. बाबांनी आधी तो उलटा केला, अगदी पोरांसारखा.

रेघ थरथरलेलीच होती. पण कागदावर जी वेडीवाकडी दिसत होती, तीच लाकडावर केसाळ दिसत होती. थंडीत अंग फुलवून बसावी तशी खार. बाबांनी अंगठा तिच्यावरून फिरवला.

"माझीच आहे रे ही," ते म्हणाले. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. मग बाहुला बाजूला ठेवत म्हणाले, "आणखी एक लाव."

"कुठून लावू बाबा? खेळणंच नाही. हे शेवटचं होतं."

बाबांनी लेथकडे पाहिलं. मग एव्हाना खुर्ची सोडून लेथशेजारी टेकून उभ्या असलेल्या सुताराकडे पाहिलं. उठले, थरथरत्या हाताने चादर ओढून काढली, झटकली आणि सुताराच्या खांद्यावर टाकली.

"तुम्ही जरा पलीकडे सरका," ते म्हणाले. "भुसा उडेल अंगावर."