पिनियनचा एक दात

मी शाळेत गणित शिकवते आणि रविवारी सकाळी रिमोटची गाडी पळवते. चाळिशी उलटलेल्या बाईला हे काय खूळ, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. दिलं तर भांडण होतं. गाडी मी स्वतः जुळवली आहे, आणि तिने ताशी शंभर किलोमीटर गाठावेत एवढंच माझं म्हणणं होतं.

बाबांना गाडीशी देणंघेणं नव्हतं. ते जन्मभर लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, फिटर. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातले लूम भंगारात गेले आणि तेव्हापासून त्यांनी पाना हातात धरला नव्हता. घरचा नळ गळला तरी प्लंबर बोलवायला सांगायचे. खडखडाटात कान गेलेले, त्यामुळे बोलणंही तुटलेलं. ते नुसते खिडकीशी बसून असायचे आणि मला ते बघवत नव्हतं.

एका रविवारी त्यांना बळेच पूर्ण्याला नेलं. तिथल्या गोदामांमधला सरळ रस्ता रविवारी सकाळी रिकामा असतो. मोटरवरच्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, दात जितके जास्त तितका वेग जास्त, पण मोटरवर ताणही जास्त. मी कागदावर आकडेमोड करून चौतीस दातांचा बसवला होता. पहिल्या फेरीला ब्याऐंशी. बाबा आपणहून खाली बसले, मोटरला बोटं लावली आणि झटकन काढली.

"चार दात कमी कर," ते मोठ्याने म्हणाले. "रस्ता हाय केवढा? गाडी पळायला लागते न लागते, तवर तुला थांबवायला लागते."

"बाबा, हे लूम नाही! तुम्हाला यातलं काय कळतं?"

त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडले, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. बाबा हात पँटला पुसून बाजूला जाऊन उभे राहिले. पुढच्याच फेरीत मोटर जळाली.

नवी मोटर आणता आली. बोललेलं परत कसं घ्यायचं? आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. मी मुकाट्याने तीस दातांचा पिनियन बसवला आणि रविवारी त्यांना म्हटलं, "चला."

"मला न्हाय कळत त्यातलं," ते म्हणाले. पण चपला घातल्या.

सत्त्याण्णव! मी त्यांना आकडा दाखवला, आणि दहा बोटं तीनदा उघडून त्यांचे तीस दातही.

ते वाकले आणि मोटरवर तळवा ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

"हात टिकतोय," ते म्हणाले. "अजून एक दात चढव."

मी पिशवीतून एकतीस दातांचा पिनियन काढला, आणि पाना शोधेपर्यंत तो त्यांच्या हातात होता. बोटं चुकत नव्हती. दोन गिअरमध्ये किंचित फट राहावी म्हणून मधे कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळतात, हे मी व्हिडिओ बघून शिकले होते. बाबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझा आकडेमोडीचा कागद उचलला आणि त्याची कड टर्रकन फाडली.

वहीचं पान फाटलं तरी मी अख्खा वर्ग डोक्यावर घेते. तेव्हा मात्र गाडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. त्यांनी स्क्रू आवळला, पट्टी ओढून काढली, गिअर बोटाने फिरवून पाहिला.

"पळव आता."

माझे डोळे भरून आले होते, समोरचा रस्ता दिसत नव्हता. "थांबा जरा," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पाना खिशात घालून ते पलीकडच्या टोकाला गाड्या अडवायला निघालेही होते.