पुढच्या मापाचा पिस्टन

कुठलीही गोष्ट वेळेवर थांबवता न येणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच आहे आणि दुर्दैवाने तो माझा मामा आहे. कोन गावात त्याच्याकडे जेवायला बसल्यावर पानावर हात आडवा धरून काही उपयोग नसतो. तो हातावर कालवण वाढतो. हळदीत नाचायला लागला की बँडवाले वाद्यं गुंडाळून घरी पोचतात, तरी हा मांडवात एकटा घुमत असतो. फोनवर "बरं तर मग" म्हणतो आणि तिथून त्याचं खरं बोलणं सुरू होतं.

अशा माणसाच्या हाती मी माझ्या वडिलांची मोटारसायकल दिली. वडील गेल्यावर त्यांची तेवढीच चालती वस्तू घरात उरली होती. इंजिन धूर ओकायला लागलं तेव्हा मामा भडकला, "दाजींची गाडी गॅरेजला टाकतोस? मी मेलोय काय?" त्याने इंजिन खोललं, लेथवाल्याकडून सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून जरा रुंद करून आणला आणि होनिंगला बसला. होनिंग म्हणजे ड्रिलला बारीक दगड लावून ते सिलिंडरच्या आतून फिरवायचे. भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उठली, तेल धरण्यापुरती, की थांबायचं. आता थांबायचं हे मामाला कोण सांगणार? जाळी सुरेख उठली होती. मामा म्हणाला, "अजून जराशी." पिस्टन आत खुळखुळायला लागला. मग पुढच्या मापाचा पिस्टन, पुन्हा बोअर, पुन्हा होनिंग, पुन्हा तेच. मी ओरडलो, मामी ओरडली, एकदा तर तिने मेन स्विचच बंद केला. हा घामाघूम होऊन लाइट यायची वाट बघत बसला.

शेवटी लेथवाल्याने बजावलं, "मामा, याच्यापुढचा पिस्टन येत नाही, आत बसवायची नवी स्लीव्हही मिळत नाही. आता बिघडलं तर सिलिंडर भंगारात." त्या दिवशी मी रजा टाकून, भांडायच्या पूर्ण तयारीने मामाच्या डोक्यावर जाऊन उभा राहिलो. ड्रिल जेमतेम फिरलं आणि मामाने ते आपणहून बंद केलं. सिलिंडर पुसून माझ्यापुढे धरला.

"आत बोट फिरव. रेघा लागतात काय?"

"तूच बघ ना!"

"मला लागत नाय रं. साखरेनं बोटं बधिर झालीत. डोल्यांना दिसते जाली, पन बोटाला लागल्याबिगर मन नाय मानत." मग हळूच म्हणाला, "मामीला बोलू नको."

मी बोट फिरवलं. बारीक खरखर लागली. "झालंय," मी म्हणालो.

मामाने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली. जन्मात कुणाचं न ऐकलेल्या या माणसाने माझं पहिल्याच शब्दाला ऐकलं आणि मला त्याचा असा राग आला, की मी तिथून निघून अंगणात जाऊन उभा राहिलो.