सरदाराचं डोहाळजेवण

चहा आधी संपवा, न्हायतर ऐकता ऐकता नाकातनं बाहेर यील. माझ्या हातनं झालंच तसं!

काटेवाडीत कुणालाबी इचारा. गाय गाभण हाय का न्हाय, ह्ये मी बांधावरनं सांगतो. सुप्याचे तात्या, माझे जुने दोस्त, मला दाखवल्याबिगर गाय इकत घेत न्हाईत. आन् अशा माणसाला अंगठ्याएवढ्या माशानं माती चारली!

आमच्या सूनबाईला माशांचा नाद. घरात काचेच्या दोन टाक्या. मोठीत गप्पी मासे, सरकारी दवाखान्यातनं डासांसाठी फुकट मिळालेले. धाकटीत बेट्टा मासा. निळाशार, शेपूट म्हंजी पैठणीचा पदर! लई भांडकुदळ, म्हणून एकटा ठेवलेला. नाव सरदार.

सूनबाई पंधरा दिवस माहेरी इंदापूरला निघाली, तवा बजावून गेली, "आबा, सरदाराला दिवसाला चारच दाणे. माझा जीव हाय त्यो. सांभाळाल न्हवं?"

"अगं, सात गाया सांभाळतो मी!"

पर चार दाणे? आमच्यात पाहुणा "पुरे" म्हणला तरी ताटात अजून एक चपाती पडतीच की! सकाळी मी चार टाकायचो. मागनं माझी बायको मंगल चार. दुपारी आमची आई, "बघतंय रं बिचारं," म्हणून चार. संध्याकाळी दूध न्यायला येणारा गडीबी चिमूट सोडून जायचा. आन् कुणी कुणाला सांगत न्हवतं!

तेवढ्यात गप्पीतली एक मादी फुगली. मी म्हणलं, "गाभण हाय. आठ दिसांत मोकळी व्हतीय." पाचव्या दिवशी टाकीत पिल्लंच पिल्लं! मंगल बघतच ऱ्हायली. मग काय, माझे पाय जमिनीवर कशाला ऱ्हातात?

दोन दिसांनी बघतो, तर सरदाराचं पोट टम्म.

"मंगल, हीबी गाभण हाय!"

"अवो, सरदार हाय ना त्यो?"

"नाव ठेवलं म्हणून नर व्हतो व्हय? पोट बघ!"

"पर एकट्यानं कसं काय?"

आता ह्यो सवाल माझ्या डोक्यात यायला नको व्हता का? मी काय म्हणलो? "दुकानातनंच गाभण आली आसंल."

दोन जिवांची म्हणल्यावर खुराक दुप्पट. मंगलनं टाकीला मोगऱ्याचा गजरा बांधला. शेजारच्या दोघी ओटी भरायला आल्या. मी पेंडीचा चुराबी टाकणार व्हतो, पर तेवढी बुद्धी देवानं दिली.

तिसऱ्या दिवशी सरदार तळाला आडवा झाला. मंगल हरखून म्हणती, "कळा आल्या!" पर मला त्याच्याकडं बघवंना. दुसऱ्या दिवशी सूनबाई येणार. पोरीनं माझ्या भरवशावर जीव सोपवलेला, आन् तिला मी काय दाखवू? मासा बरणीत घेतला, तात्यांना बोलावलं आन् त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून थेट बारामती गाठली.

"बाळंतीण अडलीय," मी दुकानदाराला म्हणलं. "सोडवा तिला!"

त्यानं बरणी उजेडात धरली. माशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काका, हा नर हाय. खाऊन खाऊन कोठा गच्च झालाय. तीन दिवस उपास घाला."

तात्यांनी तोंडात रुमाल कोंबला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आली आन् आल्या आल्या टाकीम्होरं थांबली. "आबा, गजरा कुणी बांधला?" मी समदं कबूल केलं. वाटलं, आता रडंल. ती खाली बसून पोट धरून हसली! उपास फळला, सरदार पुन्हा शेपूट फुलवून फिराय लागला. माझाबी जीव भांड्यात पडला.

हितंच थांबलं आसतं तर बरं झालं आसतं. महिन्यानं तात्यांनी त्यांची गाय बघाय बोलावलं. पोट भरदार. "गाभण" शब्द ओठांवर आला, आन् त्यो गजरा डोळ्यांम्होरं हलला! म्हणलं, "तात्या, काय न्हाय, खाऊन फुगलीय. दोन दिस पेंड तोडा."

दोन दिसांनी जनावरांच्या डॉक्टरनं तपासलं. सहा महिन्यांची गाभण!

तात्यांचा फोन आला. "आबा, पुढच्या बारीला तुमी घरीच ऱ्हावा. सरदाराला पाठवा. बाळंतपणातलं त्याला तुमच्यापरीस जास्त कळतंय!"