जाळीमागची बाई

घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचणाऱ्या त्या बाईंना सगळे मीटरताई म्हणत. कुत्र्यांशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं. फाटक वाजवायचं, हाक मारायची, कोणी हो म्हटलं की मगच आत जायचं.

त्या दिवशी कंत्राटदाराच्या बंगल्यावरही त्यांनी हाक दिली. "या, या! तो काही करत नाही," आतून कंत्राटदार ओरडला. त्या मीटरपाशी वाकल्या आणि मागे फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला. पुढचं त्यांना तुटक तुटक आठवे. पोटरीत रुतलेले दात, स्वतःची किंकाळी, आणि खिडकीच्या जाळीमागे उभी एक बाई. नुसती बघणारी.

इंजेक्शनं झाली, जखम भरली. "बिल जास्त आलं म्हणून चावला असेल," जाऊबाईंनी थट्टा केली. मीटरताई हसल्या. पण डोळे मिटले की कुत्रा नव्हे, तो जाळीमागचा चेहरा समोर यायचा.

कंत्राटदाराने कानांवर हात ठेवले. "न विचारता आत घुसली. आणि खिडकीत कोण असणार? बायको माहेरी होती."

"घाबरल्यावर माणसाला काहीबाही दिसतं गं," नवरा म्हणाला. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं मीटरताईंनाही वाटू लागलं. भाजी चिरतानासुद्धा त्या मध्येच वळून खिडकीकडे बघत.

ओळखीच्या वकीलबाईंनी मात्र दावा लावला. "तुम्ही जे पाहिलंत तेच सांगा. त्यांच्या बायकोला मी साक्षीला बोलावते."

"आणि ती नाहीच म्हणाली तर?"

"तरी तुमची पोटरी आहेच की."

बायको कोर्टात आली. चेहरा तोच होता, जाळीमागचा. नवऱ्याकडे न बघता तिने बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत जुने व्रण होते.

"मला आधीच चावला होता तो. काच लागली म्हणून सांग, असं मला बजावलं होतं. त्या दिवशी मी घरातच होते. या मीटरताईंना ओरडून सांगायचं होतं, पण दातखीळच बसली."

दाव्याचा निकाल मीटरताईंच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली, कुत्र्याला मुसकं आणि बंद पिंजरा सक्तीचा झाला. बाहेर व्हरांड्यात ती बाई त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"तुम्हाला अजून ऐकू येतात का हो, ती नखं?"

"येतात."

"मलाही," ती म्हणाली.

आता नव्या मीटरवाल्यांना मीटरताईच शिकवतात. "काही करत नाही, यावर विश्वास ठेवू नका. बांधलेला डोळ्यांनी दिसला तरच आत जा. अंगावर आलाच तर पळू नका, त्याच्या डोळ्यांत बघू नका. चावला तर आधी साबण आणि वाहतं पाणी, मग सरळ दवाखाना."

"ताई, भीती जाते का पण?" एका मुलीने विचारलं.

"कामाला जाता येतं," त्या म्हणाल्या.