टेबलावरचं हेल्मेट

पुण्यात हेल्मेट डोक्यावर घालायला घेतात, असा बाहेरगावच्या लोकांचा समज असतो. आमच्या ऑफिसात ते टेबलावर ठेवायला लागायचं. हेल्मेट टेबलावर, म्हणजे माणूस इमारतीत. साहेब निघेपर्यंत कोणी निघायचं नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो सगळे पाळत. सहाला कोणी खुर्ची सरकवली की साहेब केबिनच्या दारातून गोड आवाजात विचारत, "काय, हाफ डे का?" मग तो बिचारा पाणी प्यायला उठल्यासारखं करून परत बसे. काम बहुतेकदा संपलेलंच असे. उरलेला वेळ आम्ही नुसतं बसण्याचं काम करत असू.

त्या दिवशी धायरीला मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती नाटकात कोतवाल होती. आधीची दोन्ही वर्षं मी पोचलो तेव्हा खुर्च्या आवरणं चाललं होतं. यंदा तिने "येशील ना?" असं विचारलंसुद्धा नाही. ते मला फार लागलं. साहेबांकडे लवकर जायची परवानगी मागितली.

"नाटक मुलीचं आहे ना?" ते म्हणाले. "मग तुम्ही कशाला करताय?"

झालं. मी हेल्मेट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि कॉम्प्युटर चालूच सोडला. शेजारच्या टेबलावरच्या बाई या ऑफिसात चांगल्या मुरलेल्या होत्या. "बिनधास्त जा," त्या कुजबुजल्या. "मी अधूनमधून त्याचं तोंड फिरवत राहीन. जिवंत वाटेल." मी जिन्याने सटकलो.

स्वारगेटच्या सिग्नलला वाहतूक पोलिसाने अडवलं नसतं तरच नवल.

"हेल्मेट?"

"ऑफिसात आहे."

"तिथे काय करतंय?"

"माझ्या जागी बसलंय. पोरीचं नाटक आहे, आणि साहेब सोडत नाहीत."

त्याने मला खालून वर न्याहाळलं, गाडीचा फोटो काढला, दंड लावला आणि म्हणाला, "डोकंही तिथेच ठेवून आलात वाटतं. हळू जा."

मी हळू गेलो नाही. पडदा उघडताना धापा टाकत पोचलो आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या पहिल्याच रांगेत बसलो. उठवायला कोणी आलं असतं, तर त्या दिवशी मी भांडलो असतो. कोतवालाची मिशी पहिल्याच वाक्याला सुटली. ती एका हाताने धरून पोरीने सगळ्या चोरांना दम भरला. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की मुख्याध्यापिका वळून बघायला लागल्या. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

नाटक संपल्यावर मी तिला गाठलं आणि हात पसरले. ती जवळ आली नाही. आधी इकडेतिकडे पाहिलं, मग माझी बाही ओढून मला कोपऱ्यात नेलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुझी नोकरी गेली?"

"नाही गं."

"मग तुला बरं नाहीये का?"

तिसरं कारण तिला सुचत नव्हतं.